सोडवणारा

सलमाबादला गॅरेजांच्या मागे पत्र्याचा एक हॉल आहे,
गुरुवारी रात्री तिथे रिंग उभी राहते.
चार खांब, दोर,
खाली कुणाच्या तरी लग्नातले गालिचे.

माझ्या खांद्यावर टॉवेल.
हॉटेलचं नाव त्यावर निळ्या दोऱ्यात.
असे दिवसाला सातशे धुतो मी,
हा एक न विचारता आणलेला.

वासवा माझा कोण? कोणी नाही.
स्टाफच्या फाटकावर उभा असतो,
येता-जाता कार्ड बघतो.
एकदा म्हणाला, माझ्या कोपऱ्यात येशील?
बादली धरायला माणूस हवाय.
बादली तर मला धरता येते.

तिसऱ्या फेरीत रोडेलची डावी
कानामागे बसली.
आवाज फारसा नाही.
ओली चादर ढिगावर पडते, तेवढाच.
वासवा गुडघ्यावर आला, मग उठला.
उस्ताद शौकी, एरवी शाळेत पीटी शिकवतात,
बोटं त्याच्या नाकासमोर धरून मोजत गेले,
वाहिद, इतनेन...
आठावर थांबले. डोळ्यांत पाहिलं. विचारलं,
कुठे आहेस तू?
"मसाका."
लगेच. ठणठणीत आवाजात.
उस्तादांना वाटलं असेल, असा एखादा कॅम्प असणार,
इथे काय कॅम्पांना तोटा?
ते बाजूला झाले.

मसाका त्याचं गाव.
तिथे त्याचा जुळा भाऊ काटो
मोटारसायकलवरून माणसं पोचवतो.
अख्ख्या हॉलात हे ठाऊक असलेला
मी एकटा, बादलीवाला.

कोरडा टॉवेल लांब जात नाही,
फुलतो आणि मध्येच खाली बसतो.
म्हणून आधी बुडवला. मग फेकला.

मग शिव्या.
मल्याळीतल्या कळल्या, पुश्तूतल्या सुरावरून.
पैसे लावलेले लोक, त्यांचंही खरं होतं.
वासवा दोर धरून एकच म्हणत होता,
उभा होतो, मी उभा होतो ना,
आणि पाय
त्याला न विचारता हलत होते.

दापोलीला नळावर बायकांची जुंपली
की आई पदर खोचून मध्ये शिरायची.
एकदा कळशी तिच्याच कपाळावर बसली.
कुणी हसलं, कुणी हळद आणली.
सोडवायला जाणाऱ्यालाच पडतात, ती म्हणाली,
आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली.

आमच्या भाषेत भांडण सोडवतात.
गाठ सोडवावी तसं, गहाण सोडवावं तसं.
हे वासवाला सांगायचं होतं,
पण माझ्या इंग्रजीत 'स्टॉप' एवढंच निघालं
आणि ते तर त्याने
त्या रात्री पुरेसं ऐकलं होतं.

टॉवेल परत मशीनवर आला.
रक्ताला आधी गार पाणी लागतं.
घाईने गरम ओतलं की डाग पक्का होतो.
इथे थांबायचं असतं, तिथे थांबून चालत नाही.
एकाच हातांना
हे दोन्ही कसं शिकवायचं?

जुलैत बारा ते चार उन्हातली कामं बंद असतात.
बाहेरचे लोक सावलीत पाय पसरतात.
आमचं काम छपराखाली,
त्यामुळे ड्रायरपाशी ऊन धरत नाहीत.

दीड महिना तो माझं कार्ड
अनोळखी माणसाचं असावं तसं बघत राहिला.
फोटो, चेहरा, पुन्हा फोटो.
काल मान वर न करता विचारलं,
त्या रात्री मी काय म्हणालो होतो?

मी म्हणालो, मसाका.

त्याने कार्ड उलटं करून बघितलं.
मागे काही लिहिलेलं नसतं.
रांगेतून कुणीतरी ओरडलं, चला, चला.
त्याने ते परत दिलं,
आणि या वेळी
मी नीट धरेपर्यंत सोडलं नाही.